घंटा नसलेली पेटी

पहिली पेटी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर केली. पितळी कडं आणि त्याच्या मधोमध टांगलेला लहानसा लोलक. जमीन हलली की लोलक कड्याला टेकतो आणि घंटा वाजते. दोघांत अंतर तीन मिलिमीटर. भूकंपाला सहा महिने झाले होते, तरी लातुरात कित्येक घरांतली माणसं अजून अंगणातच झोपत होती.

अकरा ते पाच मी कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचे. पेट्यांचं काम सकाळी सहा ते नऊ. पर्समध्ये राजीनामा लिहून ठेवला होता, फक्त तारीख टाकायची होती.

पहिल्या दहा पेट्या राघवेंद्र सरांनी घेतल्या. त्यांचे बारावीचे क्लास होते आणि त्याच जुन्या दगडी इमारतीत मुलींचं वसतिगृह. जाहिरातीत त्यांनी छापलं, ‘प्रत्येक खोलीत भूकंपसूचक यंत्र’. जूनमध्ये सगळ्या खाटा भरल्या.

जुलैत त्यांनी मला बोलावून घेतलं.

“मॅडम, लई वाजायलंय हो तुमचं. एसटी गेली की वाजतंय. आता तर पोरीच भिंतीला खुर्ची आपटायल्यात. घंटा झाली की सगळ्या बाहेर. टेस्ट बुडाली.”

“दोन भिंतींवर दोन लोलक लावते, सर. दोन्ही एकदम टेकले तरच वाजेल असं करता येईल. महिनाभर द्या.”

“महिना? तुम्हाला कॉलेजातून रजा मिळती का?”

मिळत नव्हती. प्राचार्य म्हणाले होते, “बाई, घंटा वाजवायला आपल्याकडं शिपाई हाय.” स्टाफरूममध्ये त्यावर आठवडाभर हसणं चाललं.

“मग पेट्या काढून नेते,” मी म्हणाले.

“काढता कशाला? पालक पेटी बघूनच अ‍ॅडमिशन करतात. आतली घंटा तेवढी काढा. लाल दिवा राहू द्या, दिसायला बरा दिसतो.” टेबलावरचा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. “नांदेडच्या शाखेला चाळीस पायजेत. अशाच. बिनघंटीच्या. एवढ्या पैशात तुम्हाला नोकरी सोडता येती का न्हाई?”

“आणि खरंच भूकंप झाला तर?”

“त्याच्या आधी बारावीचा निकाल लागतो, मॅडम.”

मी कागद वाचला. चाळीस पेट्यांवर वर्ष निघालं असतं, आणि त्या वर्षात दोन लोलकांची पेटी झाली असती. रविवारी मुली टेस्टला बसल्या असताना स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेले. दहा घंटा काढायला पन्नास मिनिटं लागली.

पुढच्याच आठवड्यात सरांचा निरोप आला. एका मुलीच्या आईला समजावायचं होतं. मुलीचं नाव शिवगंगा. औसा तालुक्यातली, पहिल्या टेस्टला तिसरी आलेली. ती खोलीत झोपायची नाही. खाट ओढून अंगणात न्यायची, पाऊस आला की वर ताडपत्री घ्यायची. तापाने दोन टेस्ट बुडाल्या होत्या.

“तुम्ही सायन्सवाल्या,” सर म्हणाले. “बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकतं. नांदेडच्या कागदावर आज सही करून टाकू.”

शिवगंगाची आई, तुळजाबाई, खोलीच्या दारातच उभी होती. आत यायला तयार नव्हती.

“त्या राती मोठी लेक आत झोपली होती,” ती म्हणाली. “ही भायेर होती म्हून राहिली.” मग तिने मान वर करून पेटीकडे पाहिलं. “हे वाजतं का, बाई?”

सर माझ्या मागे उभे होते. हातात कागद होता.

“वाजतं.”

“तुमीच केलंय न्हवं?”

“हो.”

“वाजल्यावर पळायला टाइम गावतो?”

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. तिच्या गावात पहिल्या धक्क्यातच दगडी भिंती बसल्या होत्या. घंटा असलेली पेटीही फार तर त्याच धक्क्याला वाजली असती.

“दहा सेकंद,” मी म्हणाले. आकडा सांगितला की माणसं विश्वास ठेवतात.

शिवगंगा माझ्याकडे बघत होती. “मॅडम, रविवारपासून हे वाजलंच न्हाई. आमी खुर्ची आपटून पायलं.”

“सुधारलंय आता,” सर म्हणाले. “खुर्चीला फसत न्हाई. व्हय ना, मॅडम?”

“हो,” मी म्हणाले.

तुळजाबाईने स्वतः खाट ओढून आत आणली. पेटीच्या बरोबर खाली, भिंतीला टेकवून लावली. मग कनवटीची पुडी सोडून पेटीला हळद-कुंकू लावलं, दिव्याला हात जोडले, आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मला मागे सरकायला जागा नव्हती, मागे सर होते.

“आता झोप गं निवांत,” ती मुलीला म्हणाली. “बाईंनी सांगितलंय.”

शिवगंगा खाटेवर बसली.

सही झाली. घरी येऊन मी राजीनाम्यावर तारीख टाकली.

ओट्यावर केलेली पहिली पेटी आमच्याच घरी आहे, माझ्या मुलाच्या, अनयच्या पलंगावरच्या भिंतीला. तो चार वर्षांचा आहे. तिच्यात घंटा आहे, आणि मी दर पंधरा दिवसांनी सेल बदलते. त्या संध्याकाळी तो पलंगावर चित्रं काढत बसला होता. मी भिंतीवर मूठ आपटली. घंटा वाजली. त्याने खडू टाकला आणि शिकवल्याप्रमाणे दाराकडे पळाला.

मी घड्याळ लावून मोजलं. उंबऱ्यापर्यंत त्याला सहा सेकंद लागले.

मी त्याचा पलंग ओढून दाराशी लावला.