सोपानच्या अंगात येणारा मेव्हणा

अमावस्येच्या दिवशी निरवांगीच्या पारावर दुपारीच मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. मधोमध धुपाटणं, शेजारी निखाऱ्यांत लाल होत चाललेला विळा, आणि समोर दोघांनी दाबून बसवलेला सोपान. आज त्याच्या कपाळाला डाग दिला जाणार होता. द्वारकाबाईला नवऱ्याकडं बघवत नव्हतं आणि तिथून उठवतही नव्हतं.

कारण त्याच्या अंगात येणारं भूत तिचाच पाठचा भाऊ होता. गेल्या हंगामात सोपानचा उसाचा ट्रॅक्टर उलटला, तेव्हा दीपक मोळ्यांखाली गुदमरून गेला. सोपान त्याच्याजवळच अडकला होता. लोक येईपर्यंत फुटक्या टाकीतलं डिझेल सोपानच्या छातीवर ठिबकत होतं. तेव्हापासून तो झोपेतून ओरडत उठे आणि मध्येच दीपकच्या तोंडचं बोले.

सर्जेराव देवऋषी घुमू लागला. "सात समुद्राचं पानी, मसनवट्याची रानी, ये रं ये!" मंत्र कसला, पोरींच्या हादग्याच्या गाण्यातसुद्धा खपला असता. पण धूर उठला आणि सोपानचे डोळे फिरले.

"दाजी, मोळी काढा! दम कोंडतुय!"

लोकांनी हात जोडले. डाग दिला तर नवरा भाजणार, नाही दिला तर भाऊ असाच तडफडत राहणार.

"थांबा!" इंदापूरच्या डॉक्टर प्रियदर्शनी गर्दीतून पुढं आल्या. सकाळी द्वारकाबाईनंच त्यांना गाठून सगळं सांगितलं होतं. पेट्रोल पंपावरही सोपानला असंच होतं, हेसुद्धा. सोपान भानावर येईपर्यंत त्या त्याच्याशी हळू बोलत राहिल्या. मग त्यांनी धुपाटणं रिकामं करून स्वतःजवळचा धूप घातला आणि म्हणाल्या, "सर्जेराव, आता धूप माझा, मंत्र तुमचा. बोलवा परत."

सर्जेरावनं घसा बसेपर्यंत मंत्र म्हटला. सोपान घाम पुसत बसून राहिला. शेवटी सर्जेरावचा हात हळूच झोळीत गेला आणि डॉक्टरांनी तो वरच्यावर धरला. मुठीत चिंधी होती. द्वारकाबाईनं ती हुंगली. डिझेल!

"साधी आठवण मेंदू 'झालं गेलं' म्हणून मागं टाकतो," डॉक्टर म्हणाल्या. "जिवावर बेतलेली कधीकधी तशी मागं पडतच नाही. हा वास आला की सोपानच्या मेंदूला वाटतं, ट्रॅक्टर आत्ताच उलटलाय."

"मग बोलत हुता त्यो माझा दीपक?"

"शब्द दीपकचेच, द्वारकाताई. पण ते सोपाननं ऐकलेले. त्याचे शेवटचे."

द्वारकाबाई मटकन खाली बसली. एवढे दिवस निदान त्याचा आवाज तरी होता. आज भाऊ खराच गेला.

"अमावस टळली तर वंश बुडंल!" सर्जेराव ओरडला. मागून कुणी म्हणालं, "द्या डाग, उगं इषाची परीक्षा कशाला?" चार हात पुन्हा सोपानच्या खांद्यावर पडले.

द्वारकाबाई उठली आणि तिनं पाराजवळची पाण्याची घागर विळ्यावर पालथी केली. "माझा भाऊ मेलाय. त्यो आता कुठं बी न्हाय. मालक हायती. त्यास्नी दवाखान्यात न्यायचंय, वाट सोडा!"

वाट लगेच सुटली नाही. निम्मी माणसं अजून सर्जेरावच्याच तोंडाकडं बघत होती. बाबांनो, डाग भुताला म्हणून देता, पण जळते ती माणसाची कातडी. हात जोडण्याआधी एवढं तरी विचारा, धुपात काय टाकलंय?