ताजं लोणचं

ओतूरच्या पेठेत रूपचंदशेठांच्या किराणा दुकानाची ख्याती अशी, की पायरी चढलेलं गिऱ्हाईक कधी रिकाम्या हाताने उतरत नसे. घराला एकच दंडक होता: गिऱ्हाईक समोर असताना आतून हाक मारायची नाही. मागच्या खोल्यांत पन्नास वर्षं संसार केलेल्या उगमबाईंनी तो एकदाही मोडला नव्हता.

त्या उगमबाई तापातून उठल्या, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. बारा दिवस मुगाच्या पाण्यावर काढले. पलंगावरून उतरायलाही आधार लागे. डॉक्टरांनी सांगितलं, औषधं पुरे, आता पोटात अन्न गेलं नाही तर अंग काही धरायचं नाही. सून डिंपल नाना प्रकार करून थकली आणि नेमकी आज माहेरच्या लग्नाला गेली. आणि आजच चार वाजता उगमबाई आपणहून म्हणाल्या, "अहो, तोंडलीचं ताजं लोणचं खावंसं वाटतंय."

शेठांना रडूच यायचं बाकी राहिलं. जन्मात कधी स्वतःचा चहा न केलेला माणूस विळी घेऊन बसला.

"पातळ चिरा. मिरची उभी," उगमबाई पलंगावरून सांगत होत्या. "मोहरीची डाळ, हळद, मीठ, वर लिंबू. थांबा, थांबा! फोडणी गार व्हऊ द्या आधी."

सव्वापाचला तोंडल्याचं पातेलं ओट्यावर तयार झालं. मोहरीचा झणका नाकात गेला आणि उगमबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. "धा मिनिटं मुरू द्या. मग खिचडीसंगं वाढा," त्या म्हणाल्या आणि ताट मांडीवर घेऊन बसल्या. थंडीचे दिवस, सहाला सूर्य मावळे. त्यानंतर उगमबाई पाण्याचा थेंबही घेत नसत. आणि असलं ऊन न दाखवलेलं लोणचं दुसऱ्या दिवशी त्यांच्या जैन धर्मात वर्ज्य.

तेवढ्यात पुढून आवाज आला, "शेठ, हाय का दुकान चालू?"

डिंगोऱ्याचे चिमाजी होते. नातवाचं जावळ होतं, यादी हातभर. शेठांनी "जरा थांबा" म्हणायचं, तर जीभ सवयीची गुलाम. "या पावणं, बसा!" म्हणून गेले. गूळ झाला, खोबरं झालं. खोबऱ्यावरून नातवाचं नाव, नावावरून सोयरीक. चिमाजी उतरले तेव्हा पेठेतले दिवे लागलेले होते.

शेठ धावत आत गेले. उगमबाईंनी ताट बाजूला सारलं होतं आणि रात्रीचा नेम घ्यायला हात जोडून डोळे मिटले होते.

"अगं, हाक का न्हाई मारली?"

"गिऱ्हाईक व्हतं ना."

"आजाऱ्याला सूट असते, उगम. दोन घास घे."

"आजवर न्हाई घेतली."

"मग उद्या सकाळी नवीन करतो."

"उद्या चौदस. हिरवं चालत न्हाई."

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. शेठांचं कर्म तर तराजू हातात घेऊन उभं होतं! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, पण त्याने सूर्य थोडाच वर येणार? त्यांनी पातेलं शेजारी देऊन टाकलं.

चौदस त्यांनी घड्याळाकडे बघत काढली. तिसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. उजाडताच तोंडली चिरली आणि बरोबर दहा मिनिटं मुरवून गरम खिचडीसोबत ताट समोर ठेवलं.

उगमबाईंनी एक फोड तोंडात घातली, बराच वेळ घोळवली आणि हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवली.

"बिघडलं का गं?"

"न्हाई हो. मलाच नको वाटतंय. परवा लई मन झालं व्हतं. आता तुमी खा."

त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. शेठांनी ताट ओढून घेऊन एक फोड खाल्ली. लोणचं झकास झालं होतं, आणि तेच त्यांना सहन होईना.