पट्ट्याची खांदमळणी

मी एक जुना पट्टा आहे आणि मी रागीट आहे. हे आधीच सांगून ठेवतो, मित्रांनो, कारण माझी गोष्ट ऐकून पुष्कळ जण हसतात आणि मला ते खपत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात, रबर आणि दोऱ्यांतून झाला. आतल्या बाजूने मला दात आहेत. मला एका जुन्या परदेशी मोटारीत बसवलं. तिच्यात इंजिनाला पेट्रोल मोजून देणारा एक पंप आहे. इंजिनाच्या चाकावरचा जोर त्या पंपाच्या चाकापर्यंत पोचवायचा, हे माझं काम. मला फार आवळलं तर पंप रडतो. ढिलं सोडलं तर माझे दात निसटतात, पेट्रोल अवेळी जातं आणि गाडी काळा धूर ओकून बंद पडते. म्हणून माझा ताण अधूनमधून तपासावा लागतो. जन्मभर माझं मागणं तेवढंच होतं.

मावल्याची मेकॅनिक दामिनी ते मनापासून करायची. वडील रामाजी वारल्यावर तिने त्यांचं गॅरेज एकटीने चालवायला घेतलं होतं. बाई गाडी काय दुरुस्त करणार, असं म्हणणारे होतेच. वर्षभर राबून तिने त्यांची तोंडं बंद केली होती. गाडीचे मालक उद्धवराव हे जवळच्या बेल्याचे कापूस पिकवणारे शेतकरी. दामिनीने त्यांचा अंगठा धरून माझ्यावर ठेवला होता.

"काकाजी, इंजिन थंडं असतानाच पाहाचं," ती म्हणाली होती. "दोन चाकाच्या मधात दाबाचं. अर्धं बोट दबला तं बरोबर. साऱ्या पंपाचा जोर याच्यावरच येते."

उद्धवरावांनी मान डोलावली. अर्धं बोट विसरले, जोर तेवढा लक्षात ठेवला.

त्यांनी शेवटची बैलजोडी विकून तीन वर्षं झाली होती. शेत ट्रॅक्टर नांगरायचा, पण पोळा आला की त्यांना घर खायला उठायचं. गेल्या वर्षी त्यांनी ठरवलं की पोळ्याच्या तोरणाखाली बैलांऐवजी गाडीच न्यायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळतात, हे तुम्हाला माहीत असेल. जू तिथेच बसतं ना! उद्धवरावांनी विचार केला, गाडीत जोर कुठे येतो? दामिनीने सांगितलंय, पट्ट्यावर. मग पाना आणला, माझ्यावरचं पत्र्याचं झाकण काढलं आणि मला दातांच्या फटीफटीत लोणी-हळद चोळली. वर बैलांना देतात तसं जेवणाचं निमंत्रण देत प्रेमाने म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

अहो, मी काय बैल आहे? रबराला लोणी म्हणजे विष! रात्रभर मी फुगत गेलो, मऊ पडलो. सकाळी त्यांनी अंगठा लावून बघितलं असतं तरी कळलं असतं. पण नाही. गाडीला झूल घातली, काचेवर बेगड चिकटवली आणि निघाले. तोरण वीस पावलांवर असताना माझे दात निसटले. सगळ्या गावासमोर गाडीने काळा धूर सोडला आणि ती बंद पडली. बैल बुजले, माणसं हसली.

उद्धवराव त्या तोरणाखाली उभे राहून ओरडले, "पोरीच्या हाती गाडी देल्ली, हेच माहं चुकलं. पट्टा ढिलाच ठेवला तिनं."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी तिथे झाकणाआड लोण्याने माखून पडलो होतो, पण मला कोण विचारतो? आठ दिवसांत बेल्याच्या लोकांनी दामिनीकडच्या गाड्या उचलून नेल्या. गॅरेज रिकामं झालं. रामाजीचं नाव आता पुसलं जाणार, अशी वेळ आली. तेवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

नवव्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून गाडी मावल्याला दामिनीच्या गॅरेजात आणली. दुसरीकडे कुणी त्या पंपाला हात लावायला तयार नव्हतं. सोबत उद्धवरावांच्या पत्नी देवकाबाई होत्या. दामिनीने मला काढलं, वास घेतला आणि देवकाबाईंच्या हातात दिलं.

देवकाबाईंनी माझ्या दातांतून बोट फिरवलं. "हे तं आपली खांदमळणीची हळद हाये," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी बैलाची आठवण म्हणून मळून देल्ली होती. तुमी हिच्यात घातली काय?"

उद्धवरावांनी खाली बघत मान डोलावली.

दामिनी म्हणाली, "काकाजी, गाडी मी नीट करून देतो. पण जिथं माहं नाव घेतलं, तिथंच हे सांगा."

त्यांनी सांगितलं. गाव जमवून सांगितलं, पण आवाज पोळ्याच्या दिवशीपेक्षा निम्मा होता. गाड्या परत आल्या, त्याही एकेक करून, रेंगाळत. मी काही परत गाडीत गेलो नाही. दामिनीने मला गॅरेजच्या खिळ्याला टांगलं.

मित्रांनो, मला निष्काळजी माणसाने मारलं असतं तर मी विसरलो असतो. मला मायेने मारलं. माया करा, पण ज्याच्यावर करता त्याला काय लागतं ते आधी विचारा. आणि चूक झाली तर दुसऱ्याच्या माथी मारू नका.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी उद्धवराव सकाळीच गॅरेजवर आले. गाडी रात्रीपासून तिथेच उभी होती, त्यामुळे इंजिन थंड होतं. त्यांनी हात साबणाने धुतले, धोतराला कोरडे पुसले आणि नव्या पट्ट्यावर अंगठा ठेवला. अर्धं बोट. मग हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जाताना त्यांनी वर खिळ्याकडे पाहून मला हात जोडले.

माझा राग गेलेला नाही. पण त्या सकाळी तो अर्ध्या बोटाएवढा ढिला झाला.