सत्तेचाळिसाव्या दिवसाची गारपीट

इसिक-कुल सरोवराच्या पूर्वेला आमचं गाव. बटाटा जमिनीतून वर आला, की माझी सासू कालियपा आपा दारामागे कोळशाने रोज एक रेघ ओढायची. सत्तेचाळिसावी रेघ ओढली त्या दुपारी अक्रोडाएवढ्या गारा पडल्या. पाव तासात वावरात पान म्हणून राहिलं नाही. उरल्या नुसत्या सोललेल्या काड्या.

शेजारचे शामशी बाइके (थोरल्या भावाला आम्ही बाइके म्हणतो) कुंपणापाशी आले. त्यांचा वाण लवकर येणारा, पाला गेला की त्याची वाढ संपली. होतं ते कोंबडीच्या अंड्याएवढं पीक काढायला त्यांनी फावडंही आणलं होतं.

"कालियपा, या काड्यांचा झाडू करतेस काय?"

"केला तर पहिला तुझ्याच पाठीवर मोडीन!" आपा म्हणाली. मग मला हळूच म्हणाली, "सूनबाई, हा मधल्या हंगामाचा वाण. घाईचा नाही, आळशीही नाही. याच्या हातात अजून दिवस आहेत. माती लाव."

माझा विश्वास नव्हता. तरी मी काड्यांना मातीची भर दिली, पाटाचं पाणी सोडलं. नवव्या दिवशी काडीच्या पेरापेरातून हिरवे कोंब फुटले. ऑगस्टमध्ये वावर पुन्हा पांढऱ्या फुलांनी भरलं. मी वाकून बघतच राहिले. हात लावायचंही धाडस होईना.

सप्टेंबरात पहिलं हिम पडायच्या आधी आम्ही खणायला घेतलं. वरच्या गल्लीतला उशिराचा बटाटा तेव्हा कुठे भरत होता. आपाने एका झाडाखाली फावडं घातलं आणि उलटलं. माती बाजूला सरली. एक, दोन, पाच... चौदा! लांबट, लाल सालीचे, डोळे इतके उथळ की बोटालाही लागू नयेत. एकावरही खवड्याची खरबरीत खपली नाही.

आपा मातीत बसलीच. "या अल्ला," एवढंच म्हणाली.

तिथेच सुक्या काटक्यांवर पातेलं चढवलं. उकडल्यावर साली तडकल्या. आतला गर सायीच्या रंगाचा, कुठे काळा डाग नाही, फुटून लगदा नाही. शामशी बाइकेंनी एक फोडला, वाफेकडे बराच वेळ पाहिलं आणि डोक्यावरची नमद्याची, दाबलेल्या लोकरीची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कालियपा," ते म्हणाले, "बियाण्याला थोडे देशील?"

"आधी खा," आपा म्हणाली. तिचे डोळे अजून त्या चौदा बटाट्यांच्या खळग्यावरच होते.