मंगळवारी बंद पडणारा लॉनमोअर

मित्रांनो, मी एक जुना लॉनमोअर आहे. गवत कापणं हे माझं काम, आणि स्वस्थ बसणं माझ्या रक्तात नाही. रक्त कसलं, पेट्रोलच म्हणा. तरीही माझी बरीच वर्षं नुसती बसण्यात गेली, म्हणून आज बोलतोय.

ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावच्या शाळेचं मैदान मी सतरा वर्षं कापलं. दोरी एकदा ओढली की सुरू, अशी माझी ख्याती होती. मग शाळेने वर बसून चालवायचा नवा मोअर आणला आणि माझी रवानगी चर्चमागच्या शेडमध्ये झाली. गरज सरो, वैद्य मरो. त्या शेडमध्ये दर मंगळवारी सकाळी निवृत्त माणसं जमायची, मोडक्या खुर्च्या आणि खेळणी दुरुस्त करायची, चहा प्यायची. मला मात्र कोणी हात लावेना. मी ताडपत्रीखाली धुमसत राहिलो.

एका मंगळवारी लिंडसे पास्को आला. जन्मभर गव्हाचे ट्रक चालवलेला माणूस. डॉक्टरांनी त्याला नैराश्याचा आजार असल्याचं सांगितलं होतं, गोळ्या चालू होत्या, आणि चार माणसांत जात जा, असंही बजावलं होतं. तो गाडीची किल्ली मुठीत धरून दारातच उभा राहिला. आत येईना, परत जाईना. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या क्लेम रॉडाने ते पाहिलं. कसा आहेस वगैरे त्याने विचारलं नाही. माझ्यावरची ताडपत्री ओढली आणि म्हणाला, "जरा इकडं धर. मला एकट्याला जमत नाही."

तिथली माणसं मनातलं बोलताना एकमेकांकडे बघत नाहीत. माझ्याकडे बघतात. तिसऱ्या आठवड्यात लिंडसे माझ्या कार्बोरेटरला म्हणाला, "सकाळी मोजे घालायला मला तास लागतो."

क्लेमही कार्बोरेटरलाच म्हणाला, "माझा उच्चांक अडीच तासांचा आहे. एका मोज्याचा."

लिंडसेच्या हातातला पाना थांबला. मग क्लेमने सांगितलं की बायको गेल्यावर दोन हिवाळे त्याने असेच पलंगाच्या कडेला बसून काढले होते, आणि ते दिवस अजूनही अधूनमधून येतात. त्या दिवशी लिंडसे पहिल्यांदा चहाला थांबला.

पाचव्या आठवड्यात मी सुरू झालो. काय गर्जलो म्हणता! पण पुढच्या मंगळवारी पुन्हा बंद. त्याच्या पुढच्याही. कारण मला चांगलं ठाऊक होतं. क्लेम सगळ्यांच्या आधी यायचा आणि माझा स्पार्क प्लग सैल करून ठेवायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. बाहेर गवत तरारलेलं, आणि मी धडधाकट असून आजारी!

नोव्हेंबरात एका मंगळवारी लिंडसे आला नाही. पुढच्याही मंगळवारी नाही. क्लेमने फोन केले, तो उचलेना. चहा तसाच टाकून क्लेमने मला गाडीत चढवलं. वाटेभर तो स्वतःशी पुटपुटत होता आणि मी मागे खडखडत होतो. आम्हा दोघांना एकच भीती वाटत होती.

लिंडसेच्या अंगणात गवत गुडघ्याएवढं, पडदे ओढलेले. क्लेमने दार वाजवलं. "जा बाबा," एवढंच आतून आलं. आवाज तरी आला, म्हणून क्लेमचा जीव भांड्यात पडला. पण तो गेला नाही. पायरीवर बसून मला खोलू लागला, आणि इतकं वाईट खोलू लागला की मलाच लाज वाटली. अर्ध्या तासाने दार उघडलं. लिंडसे उभा होता, एकाच पायात मोजा.

"ते उलटं बसवतोयस."

"मग ये, दाखव."

लिंडसे त्याच्या शेजारी बसला. थोड्या वेळाने मला म्हणाला, "प्लग हाच सैल करतो. मला केव्हापासून माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?" क्लेमने विचारलं.

"मला वाटलं, यायला कारण तुला लागतं."

क्लेमने हातातला पाना खाली ठेवला. "लागतंच की," तो म्हणाला. "हे दोन मंगळवार फार जड गेले. पुढच्या वेळी एका मोज्यावर अडकलास तर तसाच फोन कर. बुटांचं आपण बघू."

गुरुवारी क्लेमच त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्याआधी दोघांनी मला सुरू केलं आणि अर्धं अंगण कापलं. उरलेलं मुद्दाम मागे ठेवलं. मी एका दमात सगळं कापलं असतं, पण मला विचारतो कोण?

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पाती पुसा, तेल घाला. पण कोणी दोन मंगळवार दिसलं नाही, तर काहीतरी बिघडलेलं घेऊन त्याच्या दारी जा, आणि दार उघडेपर्यंत बसा. आणि मला दुरुस्त करायची घाई करू नका. इतकी वर्षं चुळबुळ केली, आता मीच हे सांगतोय.

पुढच्या मंगळवारी क्लेम नेहमीसारखा लवकर आला आणि माझ्यापाशी वाकला. लिंडसे बाकावर बसला होता, दोन्ही पायांत बूट. प्लग त्याने आधीच सैल करून ठेवला होता.