सूर्यास्ताचे बारा

मी भिंतीवरचं घड्याळ बोलतोय. गेली कित्येक वर्षं मला कोणी चावी दिलेली नाही. तरी वर्षातून एका संध्याकाळी मी बाराचे ठोके देत होतो. का, ते ऐकून घ्या. मग हवं तर मला बिघडलेलं म्हणा.

माझे मालक कॉलेजात बायबलचा इतिहास शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणत. घर यहुदी, त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आधी रात्र, मग उजेड.

एकदा जेवताना मुलाने वाद उकरून काढला. "बाबा, येशूला शुक्रवारी पुरलं आणि रविवारी पहाटे कबर रिकामी. यात तीन दिवस कुठे बसतात? सरळ थाप आहे."

"शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत पुरलं, तो एक," सर म्हणाले. "बुडाल्यावर शनिवार लागला, तो दुसरा. शनिवारचा सूर्य गेला की तिसरा सुरू. दिवसाचा तुकडासुद्धा तेव्हाचे लोक अख्खा धरत. विश्वास ठेवू नकोस, पण मोजताना त्यांची मोजपट्टी घे."

"सोयीचं गणित आहे. मग घड्याळही तसंच लावा की." ताट अर्धवट टाकून तो गेला. सर असेपर्यंत परतला नाही.

भर काळोखात, सगळे घोरत असताना तारीख बदलणारे तुम्ही. आणि ज्यांनी दिवस तसा कधी कापलाच नाही, त्यांना खोटारडे म्हणता. मला याची चीड येते.

सरांनी मला खरंच तसं लावलं. रोज सूर्य बुडाला की स्टुलावर चढून काटे बारावर आणायचे, चावी द्यायचे. एका गुरुवारी संध्याकाळी चावी देतानाच त्यांच्या छातीत कळ आली. एका हाताने त्यांनी माझा लंबक घट्ट धरला. तो सुटला तेव्हा मी थांबलो होतो आणि सर खाली पडले होते.

मुलगा सकाळी आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "बारा. रात्री बाराला चावी कोण देतं? म्हणजे काल भर दुपारीच गेले." सूर्यास्तानंतरचा मृत्यू त्याने आदल्या दिवसात घातला. आठवणीचा दिवा त्या दिवसाच्या सुरुवातीला, सूर्यास्ताला लावतात; तो दर वर्षी एक संध्याकाळ आधी लावू लागला. वारा नसतानाही तो दिवा विझायचा. दुसऱ्या संध्याकाळी स्टूल करकरायचं, माझ्या काट्यांवर गार बोटं फिरायची आणि रिकाम्या घरात मी बारा ठोके द्यायचो.

मग एका वर्षी मुलाची धाकटी बहीण आली. विझलेल्या दिव्यापाशी भाऊ वैतागून बसला होता. ती म्हणाली, "दादा, बाबांचे बारा सूर्यास्ताला वाजायचे. घड्याळ तसं लावा असं तूच म्हणाला होतास ना?"

दुसऱ्या संध्याकाळी दोघं काडेपेटी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. सूर्य बुडाला. मी बारा ठोके दिले.

"चावी तू दिलीस?" त्याने हळूच विचारलं.

"चावी बाबांच्या मुठीत होती, दादा. मूठ उघडेना, म्हणून तशीच पुरली, असं तूच फोनवर सांगितलंस."

त्याने दिवा लावला. ज्योत हललीसुद्धा नाही. तेव्हापासून मी वाजलेलो नाही. आता मला दुरुस्त करू नका. फक्त माझ्याखालचं स्टूल तेवढं हलवू नका. सूर्य बुडाला की ते अजून करकरतं.