फुकटचा डेमो

सुकेशनी रिसोडच्या स्टँडवर उतरली तेव्हा साडेनऊ झाले होते. एका हातात व्हॅक्युम क्लीनरचा खोका, खांद्यावर नळ्यांची पिशवी. महिना संपत आला तरी एकही मशीन खपलं नव्हतं, म्हणून एजन्सीच्या मालकानं तंबी दिली होती. आज मात्र गिऱ्हाइकानं आपण होऊन फोन केला होता.

फोन करणाऱ्या रंजीताताईंचा बंगला नवा होता. ताईंनी दारातच विचारलं, "हे धूळ वढते कशी?"

"आत मोटर पंखा फिरवते ताई. पंखा हवा बाहेर फेकते, म्हनून आतली हवा कमी पडते. मंग बाहेरची हवा नळीतून जोरात घुसते अन् धूळ संगं आनते. पिशवीच्या कापडातून हवा निघून जाते, धूळ अडकून राह्यते."

हे सांगायला तिला आवडायचं. बाकीच्या पोरींनी पाठ केलं होतं. तिनं मशीन खोलून पाहिलं होतं.

डेमो एका गादीचा असतो. तिनं गादी केली. ताई म्हणाल्या, "दुसरीबी पाह्यू." मग सोफा झाला, गालिचा झाला. चपटं तोंड लावून खिडक्यांच्या खाचा, लांब ब्रश लावून पडदे अन् पंखे. मोटर तापली की ती मशीन बंद करायची, फिल्टर झटकायची, पुन्हा सुरू करायची. दोन वाजले. पाण्यालाही कुणी विचारलं नाही. एवढं पाहतात म्हणजे घेणारच, असं ती मनाशी म्हणत राहिली.

माळ्यावरची धूळ काढून ती जिना उतरत होती, तेव्हा आतून ताईंचा आवाज आला. त्या फोनवर होत्या. "पोरीले पाहाले पावने येऊन राह्यले ना आज. नाही वो, जास्तीची बाई कायले? मशीनवाली बोलावली. फुकटात घर लख्ख!"

सुकेशनीचे पाय पायरीवरच थांबले.

ताई हसत बाहेर आल्या. "छान आहे मशीन. आमच्या ह्यांले इचारून कळवतो."

"डेमोचं शेवटचं राह्यलं ताई," सुकेशनी म्हणाली. तिनं मशीनमधली धुळीची पिशवी काढली आणि हॉलच्या मधोमध, सोफ्यावर, गालिच्यावर उलटी झटकली. करड्या धुळीचा लोट उठला.

"बयताड झाली का वो!" ताई किंचाळल्या. "चंदाबाई! झाडू आन!"

कामवाली चंदाबाई चपला घालून निघाली होती. नातीला दवाखान्यात न्यायचं म्हणून तिला दुपारची सुट्टी कबूल झाली होती. तिनं चपला काढल्या, पदर नाकाला बांधला आणि खोकत खाली बसली.

सुकेशनी गडबडली. "राहू द्या मावशी, मी मशीननं घेतो."

"हात नको लावू! निंग!" ताई ओरडल्या.

चंदाबाईनं मान वर केली नाही. "तुहा राग निघाला ना पोरी? जाय आता."

स्टँडवर पोचायच्या आत मालकाचा फोन आला; ताईंची तक्रार पोचली होती. उद्या मशीन जमा कर, परवापासून येऊ नको. सुकेशनीनं भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एजन्सीत जाऊन मशीन पुसून टेबलावर ठेवलं. तिथल्या पोरींना तिचं कौतुक वाटत होतं. "बरी जिरवली!" एकजण म्हणाली.

"कोनाची?" सुकेशनी म्हणाली, आणि सही करून बाहेर पडली.